बेपत्ता एकाकींचा तपास

"मी म्हणजे नजर, नाक आणि बुद्धी यांचा त्रिवेणी संगम!" पद्माकरराव आरशाला सांगत होते. त्यातलं नाक हेमलताबाईंना मान्य होतं. ते कुठंही खुपसलं जायचं. जन्मभर सरकारी कारखान्यात नटबोल्ट तपासून निवृत्त झालेला नवरा शिवाजीनगरहून भिंग घेऊन आला, तेव्हापासून त्यांच्या डोक्याला ताप होता.

या खेपेचं प्रकरण मोठं होतं. एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांसाठी सरकारनं अनुदान दिलं. कॉलनीत हॉल झाला, कॅरम आला, चहाची किटली आली. यायचे राहिले ते फक्त एकटे लोक. शुक्रवारी साहेब पाहणीला येणार होते, आणि हॉल रिकामा दिसला की अनुदान बंद.

"शेजारच्या कॉलनीनं म्हातारे पळवले," पद्माकररावांनी जाहीर केलं. थोड्या वेळानं म्हणाले, "नाही, कॅरमच्या पावडरीत गुंगीचं औषध आहे."

"अहो, पण कुणी आलंच नाही, तर हुंगलं कुणी?"

"तेच तर गूढ आहे!"

दोघं आप्पाजींकडे गेले. मूळचे कानडी, बायको वारलेली, मुलगा अमेरिकेत. बेल दाबायच्या आत दार उघडलं. "बर्री, बर्री! या, या! अक्का, तुम्हीही? स्वल्प, थोडा चहा घ्या." चहामागून उपमा आला, उपम्यामागून नातवाचा अल्बम.

"संशयित वेळ काढतोय," पद्माकरराव कुजबुजले. हेमलताबाईंच्या हातातल्या कपाला अजून दुकानाची चिठ्ठी चिकटलेली होती; पाहुण्यांसाठी घेतलेला कप कधी वापरलाच गेला नव्हता. त्यांना भडभडून आलं.

"आप्पाजी, हॉलवर का येत नाही हो?"

"बोलावलं कुणी?"

"बोर्डावर नोटीस आहे!" पद्माकरराव गरजले.

"नोटीस पाणी जाणार असलं की लावतात. माणसाला दारात येऊन 'या हं' म्हणतात."

हेमलताबाईंनी नवऱ्याला तिथंच भिंगासकट सोडलं आणि घरोघर जाऊन 'या हं' म्हणून आल्या. शुक्रवारी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. कॅरमच्या राणीवरून आप्पाजी एकट्या राहणाऱ्या नयनाबाईंशी तावातावानं भांडत होते. साहेबांनी सगळीकडे पाहिलं.

"इथं एकटं कुणीच दिसत नाही. अनुदानाची गरज नाही."

"आणि हॉल रिकामा असता तर?" हेमलताबाईंनी विचारलं.

"मग प्रतिसाद नाही म्हणून बंद केलं असतं."

सोमवारी हॉलला सरकारी कुलूप लागलं. "जळ्ळं मेलं ते अनुदान!" म्हणत हेमलताबाई डोळे पुसत होत्या, तोच बेल वाजली. दारात आप्पाजी होते, इस्त्रीचा शर्ट घालून.

"आमच्याकडे चोरी झालीय. तपासाला या."

"काय गेलं?" पद्माकररावांनी झडप घालून भिंग उचललं.

"ते तुम्ही शोधा की. अक्का, तुम्हीपण या, उपमा टाकलाय." आप्पाजी जिना उतरता उतरता थांबले. "आणि उद्या मोकळे राहा. उद्या नयनाबाईंकडे चोरी आहे."