चष्मेवाल्यांचे पाळीव जंतू

चष्मेवाल्यांनी माउथवॉश सोडला हे त्यांच्या बायकोला कळायला एक सकाळ पुरली. पण का सोडला हे कळायला मात्र अर्ध्या बाजारपेठेला चुकीचे चष्मे लागावे लागले.

चष्मेवाल्यांच्या धंद्यात तोंडाला फार महत्त्व. डोळे तपासायचे म्हणजे अंधाऱ्या खोलीत शिरायचं, गिऱ्हाइकाच्या नाकाला नाक लागेल इतकं पुढे वाकायचं आणि बॅटरी धरून बुबुळात डोकवायचं. अशा वेळी समोरच्याने श्वास घ्यायचा तरी कुठला? म्हणून त्यांनी तपासणीच्या खोलीतच बेसिन बसवून घेतलं होतं. गिऱ्हाईक आलं की एक चूळ, गेलं की एक चूळ. माउथवॉशही असा तसा नव्हे. निळाजर्द, जिभेला चरचरणारा, आणि आपण सगळे जंतू ठार करतो असं बाटलीवर छातीठोकपणे सांगणारा. घरी झोपण्याआधी आणखी एकदा मान मागे टाकून ते असा काही गुळणा करत की वरच्या मजल्यावरच्यांना वाटे, पाण्याचा पंप सुरू झाला.

बायको दुकानात काउंटर सांभाळायची. ती जी फ्रेम हातात देईल ती गिऱ्हाइकाला शोभायचीच, कारण "शोभते हो तुम्हाला" असं ती मनापासून म्हणायची. दोघांचं छान चाललं होतं. निदान लोकांना तसं दिसत होतं.

आतली गोष्ट वेगळी होती. गेले काही महिने रात्री झोपायच्या खोलीचं दार लागलं की चष्मेवाल्यांचं शरीर त्यांना दगा द्यायचं. मनात सगळं असायचं, पण पुढे काही घडायचं नाही. एकदा झालं, दोनदा झालं, मग धास्तीच बसली. ते पाठ फिरवून घोरण्याचं सोंग आणू लागले. बायको एका शब्दाने बोलली नाही. तिचं हे न बोलणंच त्यांना जास्त लागायचं. आपण हिला हळूहळू गमावतोय, असं त्यांना वाटू लागलं.

शेवटी मनाचा हिय्या करून ते डॉक्टरांकडे गेले.

"बोला, काय होतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"तसं काही होत नाहीये."

"मग आलात कशाला?"

"तेच तर, डॉक्टर. काही होत नाहीये."

डॉक्टरांच्या डोक्यात उजेड पडायला जरा वेळ लागला. पडल्यावर त्यांनी उठून दार लोटलं आणि खुर्ची जवळ ओढली. "अहो, मग मान काय खाली घालता? सर्दी-पडशासारखीच हीही एक तक्रार. झोप लागते? चालू गोळ्या आहेत काही? तंबाखू?"

"तंबाखू? छे, छे! तोंडाला मी फार जपतो. गिऱ्हाइकागणिक माउथवॉश असतो माझा."

"गिऱ्हाइकागणिक?"

"आधी आणि नंतर."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, जिभेवरचे सगळेच जंतू काही वैरी नसतात. काही बिचारे आपलं कामच करत असतात. पालेभाजीतल्या एका घटकावर ते काम करतात, त्यातून पुढे शरीरात रक्तवाहिन्या सैल ठेवणारं एक द्रव्य बनतं. आणि तुमची तक्रार म्हणजे शेवटी रक्तपुरवठ्याचाच मामला. जहाल माउथवॉशने ते जंतू मरतात. त्याने रक्तदाबावर थोडा परिणाम होतो असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे. तुमच्या तक्रारीशी त्याचा थेट संबंध आहे असं कुणी सिद्ध केलेलं नाही, बरं का. पण इतक्या चुळा कशाला? थोडे दिवस बंद करून बघा. रक्तदाब, साखर तपासून घेऊ. आणि मुख्य म्हणजे घरी बोला."

रक्तदाब आणि साखर दोन्ही ठीक निघाली. घरी बोलायचं हे औषध चष्मेवाल्यांनी परस्पर रद्द केलं. राहिलं काय, तर माउथवॉश बंद. ते मात्र त्यांनी असं मनावर घेतलं की विचारू नका.

माउथवॉश बंद केल्याने जंतू वाचले, हे खरं. पण टूथपेस्टचं काय? तीही चरचरतेच. आणि ब्रश म्हणजे तर त्या इवल्या जिवांच्या डोक्यावर झाडूच! आरशासमोर जीभ बाहेर काढून त्यांनी बराच वेळ निरखून पाहिलं. त्यातले कामाचे कोणते आणि आयतोबा कोणते, हे काही उमगेना. तेव्हा त्यांनी सरसकट सगळ्यांनाच अभय दिलं. ब्रश बंद. पेस्ट बंद. जीभ घासणं तर महापाप. जंतूंना खुराक म्हणून दोन्ही वेळा पालेभाजी आणि रक्ताभिसरणासाठी, कुठेतरी वाचलेलं आठवून, कच्च्या लसणाच्या मूठभर पाकळ्या.

"अहो, दात दुखतोय का?" बायकोने चार दिवसांनी हळूच विचारलं.

"नाही तर."

"मग पोट बिघडलंय?"

"ठणठणीत आहे."

तिने न बोलता त्यांच्या शर्टाच्या खिशात पेपरमिंटच्या गोळ्या ठेवल्या. त्यांनी त्या न बोलता कचऱ्यात टाकल्या. पेपरमिंटने जंतूंना ठसका लागला तर? पुढच्या आठवड्यात बायकोने आपली उशी उचलली आणि "मला खोकला झालाय, तुम्हाला उगाच त्रास" असं म्हणत ती बाहेरच्या खोलीत जाऊन झोपली. खोकला तिला नावालाही नव्हता. ज्या कामासाठी एवढं सैन्य पोसलं, त्या कामासाठी खोलीत दुसरं माणूसच उरलं नाही. चष्मेवाल्यांना वाटलं, जंतू अजून कमी पडताहेत. त्यांनी लसूण वाढवला.

इकडे तपासणीच्या खोलीत निराळीच गंमत सुरू झाली. पूर्वी डोळे तपासायला आलेलं माणूस "हे बरं दिसतं… नाही, मघाचं बरं… पुन्हा एकदा दाखवा" करत घोळ घालायचं. आता मात्र चष्मेवाल्यांनी पहिलं भिंग बसवून, पुढे वाकून प्रेमाने विचारलं, "हे कसं दिसतंय हो?" की गिऱ्हाईक ओठ घट्ट मिटून जोरजोरात मान डोलवायचं.

"वरची ओळ वाचा बघू."

"वाचली! मनात वाचली!"

"अजून एक भिंग लावून पाहू का?"

"नको, नको! हेच! लख्ख दिसतंय! घारीसारखं दिसतंय! सोडा आता!"

गिऱ्हाईक तोंड लाल करून बाहेर धावायचं आणि फुटपाथवर जाऊन छातीभर श्वास घ्यायचं. चष्मेवाल्यांना आपला हात बसल्याचं समाधान. एका भिंगात नंबर निघतोय म्हणजे काय! असे भराभर कितीतरी चष्मे बनले आणि गिऱ्हाइकांच्या नाकावर जाऊन बसले.

मग एका दुपारी दुकानाचं दार उघडलं आणि शिंपीकाका आत आले. म्हणजे आधी ते आरशाला धडकले, त्याची माफी मागितली आणि मग आत आले.

"वहिनी, कुठे आहेत तुमचे हे? नवरदेवाच्या कोटाला दोन्ही बाह्या एकाच बाजूला शिवल्या मी! तीस वर्षांत असं झालं नाही!"

"बसा हो काका, बघतो आपण," बायको म्हणते आहे तोवर मागून रंगारी आला. त्याने भलत्याच माणसाचं फाटक रंगवलं होतं. "आणि तो माणूस आता म्हणतो, हाती लागलाच आहेस तर भिंतीही करून टाक!" त्याच्यामागे शाळेतल्या गणिताच्या बाई. त्यांना पोरांच्या वहीतली एकही चूक दिसली नव्हती, त्यांनी अख्ख्या वर्गाला पैकीच्या पैकी दिले होते, आणि आता पोरंच हात जोडून सांगत होती की बाई, चष्मा बदलू नका.

दुकान भरलं. जो तो तावातावाने बोलत होता, फक्त प्रत्येकाचं तोंड भलतीकडे. रंगारी काउंटरवरच्या, चष्म्याच्या जाहिरातीतल्या पुठ्ठ्याच्या बाईला दटावत होता. एवढ्यात गर्दीतून वाट काढत खुद्द डॉक्टर आले. त्यांनीही मागच्याच आठवड्यात इथून चष्मा करून नेला होता.

"अहो चष्मेवाले, काय चालवलंय हे? आज पेशंटची नाडी बघायला गेलो आणि खुर्चीचा हात धरून बसलो. म्हटलं, संपला हा! तेवढ्यात तो बोलला, तर मीच किंचाळलो!"

"पण डॉक्टर," चष्मेवाले आतून येत कळवळून म्हणाले, "तुम्हीच तर म्हणालात, लख्ख दिसतंय!"

त्यांनी तोंड उघडलं आणि दुकान एक पाऊल मागे सरकलं. डॉक्टरांनी नाकाला रुमाल लावला. मग त्यांचे डोळे, नीट काही दिसत नसूनही, मोठे झाले.

"अरे देवा! त्या दिवशी मला वाटलं, तुमच्याकडे गटाराचं काम निघालंय. अहो, मी माउथवॉश बंद करा म्हणालो होतो! दात घासायचे बंद करा म्हणालो होतो का?"

"माउथवॉश तुम्ही बंद करायला सांगितलात?" बायकोने वळून विचारलं. "कशासाठी?"

चष्मेवाल्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. डॉक्टर घसा खाकरत म्हणाले, "ते… वहिनी, पेशंटचं खासगी असतं. मला सांगता यायचं नाही."

"म्हणजे गंभीर आहे," गणिताच्या बाईंनी उत्तर काढलं.

"तरीच चेहरा उतरलाय," रंगारी पुठ्ठ्याच्या बाईकडे पाहत हळहळला.

"चांगला माणूस होता हो," शिंपीकाकांनी हात जोडले.

"अहो, मी इथेच उभा आहे!" चष्मेवाले ओरडले. पण बायकोचा रंग पांढराफटक पडला होता. तिने हात जोडून सगळ्यांना सांगितलं, "उद्या सकाळी या. सगळ्यांचे नंबर पुन्हा काढून देऊ. आत्ता जा, कृपा करा." लोक एकमेकांना आणि खांबांना धरत बाहेर पडले. तिने शटर ओढलं, नवऱ्याला तपासणीच्या खोलीत नेलं आणि खुर्चीवर बसवलं.

"खरं सांगा," ती म्हणाली. "काय निघालंय? किती दिवस हातात आहेत?"

"अगं, मी मरत नाहीये!"

"मग खासगी काय?"

समोर अक्षरांचा तक्ता होता. चष्मेवाल्यांनी सगळं त्या तक्त्याकडे बघत सांगितलं. धास्ती, घोरण्याचं सोंग, डॉक्टर, जिभेवरचे जंतू, लसूण. शेवटची बारीक ओळ वाचावी तसा त्यांचा आवाज खाली खाली जात गेला.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. मग तिने तोंडावर हात ठेवला. चष्मेवाल्यांना वाटलं, रडते आहे. पण तिचे खांदे हलायला लागले आणि ती भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईतो हसली.

"हसतेस काय? माझा जीव गेला इथे!"

"तुमचा नाही, माझा गेला होता मघाशी! अहो, मी समजत होते, मीच तुम्हाला आवडेनाशी झाले. तुम्ही पाठ फिरवायचात. म्हणून मी केस रंगवले, तेही तुम्हाला दिसले नाहीत. आणि म्हणे लोकांचे डोळे तपासता!"

"दिसले होते गं. त्याच दिवशी दिसले. पण वाटलं, काही बोललो तर तुझी अपेक्षा वाढेल."

"होतीच अपेक्षा. जवळ बसून दोन शब्द बोलाल, एवढी." तिने त्यांच्या हातातली बॅटरी काढून बाजूला ठेवली. "बाकीचं होईल तेव्हा होईल. नाही झालं तर डॉक्टरांकडे दोघं जाऊ. पण आधी उठा आणि दात घासा. जिभेसकट."

"आणि ते जंतू?" चष्मेवाल्यांनी चाचरत विचारलं.

"त्यांना म्हणावं, फार कष्ट घेतलेत. आता आमचं आम्ही बघतो."

चष्मेवाल्यांनी घरी जाऊन साध्या पेस्टने दात घासले, नुसत्या पाण्याने चूळ भरली आणि बाहेरच्या खोलीतली उशी स्वतः उचलून आत आणली. मग दोघं बोलत बसली. काय बोलली, ते त्यांचं त्यांना ठाऊक. आपण कशाला विचारावं?

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानासमोर ही लांब रांग लागली. शिंपीकाका, रंगारी, गणिताच्या बाई, डॉक्टर, सगळे वेळेवर हजर. शटर मात्र बंद. किती उशीर झाला हे बघायला सगळ्यांनी समोरच्या मनोऱ्यावरच्या भल्यामोठ्या घड्याळाकडे माना वर केल्या, डोळे बारीक केले, चष्मे पुढेमागे करून पाहिले, आणि आपणच लवकर आलो असं ठरवून सगळे निमूट उभे राहिले.