उडत्या पत्राने बांध बुडविला त्याची हकीकत

श्री चतुरक्षरी प्रसन्न. जिने चार अक्षरांत पेशीपेशीचे राज्य लिहिले तीस नमन करून, शके पंधराशे एकूणनव्वद, प्लवंगनाम संवत्सरी, भाद्रपदमासी जे वर्तमान घडले ते लिहिले ऐसे जे :

"पंतोजी, अर्ध्या दप्तरात एकच पत्र पुनःपुन्हा का?" ऐसे दप्तरदार नागोपंत यांची धाकटी कन्या म्हाळसा, वय वर्षे चौदा, नक्कलशाळेत भरल्या वर्गात उभी राहून पुसती झाली. ठकी आणि बयो या मैत्रिणींनी पैज घातली होती की, तू पुसलेस तर आठ दिवस तुझी शाई आम्ही घोटू. आणि म्हाळसेचा कित्ता वैशाखात सुटून बोरू हाती आला होता, मग छाती काय वर्णावी, कोट चढून बुरुजावर उभी राहिली म्हणावे.

राज्याची रीत ऐसी की, एका किल्ल्याचे दोन व्हावे, दोहोंचे चार व्हावे, आणि दर नव्या किल्ल्यास मूळ दप्तराची हुबेहूब नक्कल जावी, आणि नकलकाराने अक्षर सोडू नये, अक्षर जोडू नये, अर्थ पुसू नये, ऐसी शपथ, आणि मोडील त्याचा हात तोडावा. त्या दप्तरात उडती पत्रे होती. त्यांत कामाचा मजकूर काडीचा नाही, इतकेच की, 'या पत्राची नक्कल करून जेथे सांध सापडेल तेथे चिकटवावी.' आणि नकलकार आज्ञेचे पक्के, मग लिहिले तैसे करीत. काही पत्रे याहून द्वाड, ती म्हणत की आम्हांस येथून कापा आणि तेथे लावा, मग तैसेही करीत.

पंतोजींनी कान पिळला नाही हेच नवल. उलट सांगते झाले की, खापरपणज्याच्या काळी परराज्याच्या वकिलाचा घोडा आला, त्याच्या खोगिरात गोचिडीसंगे पहिले पत्र आले, आणि ओल्या खळीस चिकटून मग घरचेच होऊन राहिले. आता बहुतेक फाटकी आहेत, आणि जी धड होती ती वडिलांनी लाख ओतून मुकी केली.

"मग जाळीत का नाही?" म्हाळसा म्हणाली.

"सुईणीचे जे कलम आहे, ज्यावर तुझा जन्म झाला, तेही असल्याच पत्रातून निपजले. कोणते जाळू ते तू सांग, आणि मी चूल पेटवतो."

वर्ग हसला आणि म्हाळसा खाली बसली, परंतु मनातून उतरेना. कारण वैशाखात तिची वडील बहीण चंद्राआक्का नव्या किल्ल्याची दप्तरीण होऊन गेली, तिच्यासंगे जी नक्कल गेली ती म्हाळसेच्याच हातची, पहिलीच. उन्हाने एका पत्राची लाख पाघळली होती, आणि म्हाळसेने आज्ञा वाचली, नक्कल केली, सांध सापडला तेथे चिकटविली. अक्षर मोत्यासारखे म्हणून नागोपंतांनी शेलाही दिला होता.

पाचवे दिवशी जासूद आला. नव्या किल्ल्याचा बांध फुटला, आणि किल्लेदारांनी आक्काकडून बांधाचे कलम वाचून घेतले. 'बांध फुटला असता प्रथम दगड, मग माती, मग' इतके झाले, आणि त्यापुढे, 'या पत्राची नक्कल करून.' आक्का शपथेची पक्की, बोरू घेऊन बसली. पाणी गुडघ्यास लागले, मग कमरेस लागले, आणि नक्कल चाललीच. किल्लेदारांनी पुसले, "बाई, पुढे काय आहे?" ती म्हणाली, "पुढे हेच आहे." तिसरी वस्तू म्हणजे काथ्याचे जाळे, ते कोठारात खुंटीवर कोरडे टांगले होते. दगडमाती जाळ्याविना वाहून गेली आणि किल्ला बुडाला. तीनशे माणूस गेले, आक्का गेली. जासुदाने भिजले दप्तर पुढे ठेविले, आणि म्हाळसेने आपले मोत्यासारखे अक्षर ओळखिले.

ठकी आणि बयो घोटलेली शाई घेऊन दारी आल्या आणि ठेवून गेल्या. घरी चूल पेटली नाही. मातोश्री भिंतीकडे तोंड करून बसल्या, आणि नागोपंत म्हणत राहिले की, पोरी, तू शपथ मोडली नाहीस, तुजकडे दोष नाही.

एवंच, बांध गेला, किल्ला गेला, पत्र मात्र जिवंत, आणि त्याच्या नकला आणखी किती किल्ल्यांत बसल्या हे कोणास ठाऊक नाही. मग म्हाळसेने शेला घडी करून वडिलांपुढे ठेविला आणि बोलली ते ऐसे :

"तात्या, आई, उद्यापासून मी नक्कल करणार नाही. दप्तरखान्यात बसेन आणि वाचीन, पानन् पान, अर्थासकट. जे पत्र जागे सापडेल त्यावर लाख ओतीन. शपथ मोडली म्हणून हात तोडणे असेल तर डावा तोडा. उजव्याला काम आहे."