निरोप दोनदा पोचण्याबाबत

जगातली निम्मी कामं नेमलेली माणसं करतात. उरलेली निम्मी, म्हणजे ज्यांच्यावाचून पहिली निम्मी ठप्प होतात ती, कोणीतरी कुठेतरी हौसेखातर करत असतं. व्यवस्था उत्तम आहे. तिच्यात बदल सुचवण्याचा इथे हेतू नाही.

अशीच हौस एका मुद्रितशोधक बाईंना होती. दिवसभर त्या शब्दकोशाची मुद्रितं तपासायच्या आणि उरलेल्या वेळात एक सॉफ्टवेअर सांभाळायच्या. एका यंत्राचे निरोप अखंड दुसऱ्या यंत्राकडे वाहून नेणं हे त्याचं काम. ते सर्वांसाठी खुलं होतं. कोणीही वापरावं, कोणीही सुधारावं. (वापरणारे चार लाख. सुधारणाऱ्यांच्या यादीत अकरा. त्यांतली दहा नावं आदरापोटी ठेवलेली.)

त्यात एक दोष होता. यंत्र बराच वेळ स्वस्थ बसून जागं झालं की पहिला निरोप दोनदा पोचायचा. सहा वर्षांत त्रेचाळीस जणांनी 'मलाही हाच त्रास' अशी नोंद केली होती आणि आपलं कर्तव्य संपलं असं मानलं होतं. पण छापात एकच शब्द लागोपाठ दोनदा आला तरी बाईंना जेवण गोड लागत नसे. सहा आठवडे त्या या दोषाच्या मागे हात धुऊन लागल्या. शेवटी चार ओळी बदलल्या आणि ४.२.१ ही आवृत्ती जाहीर केली : 'एक किरकोळ दोष दूर केला.'

तिसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरातून सासूबाईंची हाक आली, "अगं, नळ गेला. माझ्या डोक्याला साबण आहे." बाई बादली शोधताहेत तोच फोन वाजला. शहराच्या पाणीपुरवठा खात्यातले अभियंते बोलत होते. आवाज अतिशय नम्र होता. म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

त्यांनी सांगितलं ते असं. टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह जरा जड आहे. सकाळी बाईंच्या सॉफ्टवेअरमार्फत 'उघड' असा निरोप गेला की तो नुसता कुरकुरतो. तोच निरोप पुन्हा आला की उघडतो. सहा वर्षं बिनतक्रार. दुरुस्तीचा प्रस्ताव समितीपुढे पाच वेळा गेला आणि 'उघडतो आहे' या शेऱ्यानिशी पाचही वेळा परत आला. काल नवी आवृत्ती बसवली. आज व्हॉल्व्ह कुरकुरला आणि दुसऱ्या निरोपाची वाट बघत बसला. हाताने फिरवायचं चाक गंजून घट्ट बसलेलं. आणि रुग्णालयात रक्तशुद्धीच्या यंत्रांना सोळा रुग्ण जोडलेले. तिथल्या टाकीत दोन तासांचं पाणी.

बाईंनी बादलीचा शोध सोडला. "मग जुनी आवृत्ती परत बसवा," त्या म्हणाल्या.

"नियमात बसत नाही. तिच्यात दोष आहे असं तुम्हीच लेखी दिलंय."

निरोप आपणच दोनदा पाठवून बघा, असं बाईंनी सुचवलं. तेही करून झालं होतं. पाठोपाठ आलेला तसाच निरोप नवी आवृत्ती चोख अडवत होती. चार ओळी फारच चांगल्या लिहिल्या गेल्या होत्या.

"बाई, तो दोष परत मिळेल का?"

"व्हॉल्व्ह दुरुस्त करा की."

"त्याला समिती लागते. तुम्हाला लागत नाही, म्हणून तुम्हाला विचारतोय."

सासूबाईंच्या डोक्यावर पिण्याच्या पाण्याचे दोन तांबे ओतून बाई कामाला बसल्या. आपल्याच हाताने छपाईची चूक करावी तसं त्यांना वाटत होतं; बोटं पुढे सरकत नव्हती. तरी पन्नास मिनिटांत ४.२.२ तयार झाली : 'पूर्वीचा दोष आता सुविधा म्हणून उपलब्ध.' थोड्या वेळाने नळ खोकला आणि वाहू लागला. रुग्णालयात पाणी पोचलं, सगळे ठीक आहेत, असा अभियंत्यांचा फोन आला, तेव्हा बाई मोरीच्या काठावरच बसल्या आणि पदराने डोळे पुसले.

आठवड्याभरात त्रेचाळीसही जणांनी नव्या सुविधेबद्दल आभार मानले. (एकाने ती तीनदा करता येईल का, अशी पृच्छा केली.) व्हॉल्व्हचा प्रस्ताव सहाव्यांदा परत आला.

त्या रविवारी बाईंनी यजमानांना सांगितलं की गॅसवर दूध आहे, बंद करा. ते पेपरमागून "हं" म्हणाले आणि बसून राहिले. बाईंनी तेच शब्द पुन्हा उच्चारले. ते लगेच उठले.

"पहिल्यांदा ऐकू आलं नव्हतं का?"

"आलं होतं ना," यजमान म्हणाले. त्यांना प्रश्नच कळला नाही.

जे वाचक एकदा सांगितल्यावर उठतात, त्यांना या हकिकतीत घेण्यासारखं काही नाही. आपण त्यांच्यातले आहोत का, हे घरच्यांना विचारून बघावं. त्यांनी ते तुम्हाला आधी एकदा सांगितलेलं असेल.