गावडेकाकांची अर्धी थाप

आमच्या तळमजल्यावरचे गावडेकाका खोटं बोलायच्या आधी करंगळीने चष्मा वर सरकवायचे. एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगला हे ठाऊक होतं, फक्त त्यांनाच नव्हतं. तरीही पोकरमधला वस्ताद मीच, असा त्यांचा दावा होता.

वीस वर्षं जहाजावर स्वयंपाकी होते, पोकर तिथून आणलेला. तेव्हा आम्हाला पाणी टँकरने यायचं. रविवारी त्याची वाट बघत आम्ही गेटपाशी बादल्या उपड्या घालून बसायचो आणि काका डाव मांडायचे. पैशांऐवजी वाल. काकांचे वाल दर रविवारी संपायचे आणि सोमवारी सुमनकाकू बिरड्यासाठी वाल मागायला आमच्याकडे यायच्या.

"थाप दोन जातींची," काका शिकवायचे. हातात काहीच नसताना समोरच्याला घाबरवायचं, ती पूर्ण थाप. हातात चार बदाम आहेत, पान बदलून पाचवा आला तर डाव भारी, तेव्हा वाल वाढवायचे, ती अर्धी. समोरचा पानं टाकून पॅक झाला तर जिंकलोच, नाही झाला तरी बदाम येईल की.

टँकरवाल्यालाही ते हेच लावत. एकदा टेलिफोन बूथवरून त्याला दम दिला की दुसरा टँकर गेटवर उभा आहे. पूर्ण थाप. त्याने शांतपणे आमचं पाणी शेजारच्या बिल्डिंगला दिलं आणि आम्ही दोन दिवस बिनआंघोळीचे राहिलो. तेव्हापासून काका आधी खरोखरच दुसऱ्याकडे नंबर लावायचे, मग पहिल्याला दम द्यायचे. कधी दोन्ही टँकर एकदम यायचे, मग काकांचा रुबाब बघून घ्यावा.

काकूंना मात्र थाप मारायची नाही. त्या कधी पॅकच होत नसत. हातात दुर्री-तिर्री असली तरी "शो", म्हणजे दाखव पानं, म्हणून मोकळ्या. जो पानं टाकत नाही त्याला थाप मारणं म्हणजे वाल वाया, असं काका कुरकुरायचे.

मग काकूंच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांकडे काकांसोबत मी गेलो होतो. साधीही असेल, वाईटही असेल, उघडल्याशिवाय सांगता येत नाही, असं ते म्हणाले.

ऑपरेशनच्या आदल्या रविवारी काकूंनी ऐन डावात विचारलं, डॉक्टर काय म्हणाले?

काकांची करंगळी चष्म्याकडे गेली. "साधी गाठ आहे. चार दिवसांत घरी."

आम्ही सगळ्यांनी पानांत तोंड खुपसलं. काकूंनी ती करंगळी नीट पाहिली होती. आता "शो" येणार, असंच मला वाटलं.

"पॅक," काकू म्हणाल्या, आणि पानं पालथी ठेवली.

नंतर मी ती उलटून पाहिली. तीन राण्या होत्या.

आम्हीही पानं टाकली, पण जिंकलेले वाल काकांनी ओढलेच नाहीत. टँकर येईपर्यंत ते काकूंचा हात धरून बसले, आम्हा सगळ्यांदेखत.