लिमये सरांचं काळीज-प्रकरण

मिरकरवाड्याच्या मासळीबाजारात मोरी विकत घेऊन तिचं फक्त काळीज घरी नेणारा माणूस अख्ख्या रत्नागिरीत एकच, आमचे शेजारी लिमये सर. बाकीचा मासा ते कोळणीलाच परत देतात. "म्हावरं ठेवलान नि काळीज नेलान," ती मला एकदा म्हणाली, "असला गिऱ्हाईक नाय बघला कधी."

सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले. यकृताला मज्जातंतू कुठून येतात आणि आत कुठवर जातात, हा त्यांचा जन्माचा विषय. मासा, बेडूक, कोंबडी, उंदीर, कुणाचंही यकृत त्यांना वर्ज्य नाही. जेवायला मात्र पक्के शाकाहारी. "उंदराचे तंतू दारातच थबकतात हो. माणसाचे थेट पेशींपर्यंत." हे मी जिन्यात, हातात दुधाची पिशवी धरून, इतक्यांदा ऐकलंय की परीक्षेला बसलो तर पास होईन. पोटातल्या बाळाच्या यकृतात म्हणे रक्तवाहिन्या आधी येतात, तंतू फार उशिरा. "म्हणजे तुमच्यासारखेच," त्यांच्या पत्नी सुशीलावहिनी आतून म्हणायच्या, "सगळं आटोपल्यावर हजर."

काळीज म्हणजे यकृत, हृदय नव्हे, यावर तर ते कुणाशीही भांडत. एका शोकसभेत वक्ता म्हणाला, "आमचं काळीज फाटलं." सर माझ्या कानाशी लागले, "यकृत फाटलं असतं तर हा माइकपर्यंत आला नसता." मला हसू आवरेना. लोकांनी रागानं पाहिलं ते माझ्याकडे.

मध्यंतरी त्यांच्या मुलीचं, मीनलचं, यकृत निकामी झालं. दुसऱ्या कुणाच्या यकृताचा तुकडा बसवणं एवढाच उपाय उरला होता. मुंबईला शस्त्रक्रिया झाली. वहिनी सरांहून बऱ्याच लहान आणि तब्येतीनं खणखणीत. तुकडा त्यांनी दिला आणि मीनल वाचली. वहिनींना घेऊन सर परतले तेव्हा मी भेटायला गेलो. आता व्याख्यान चुकत नाही, म्हणून मीच विचारलं, "सर, त्या तुकड्याचे तंतू परत जोडतात का हो?"

"नाही. तुटले ते तुटले. त्यांच्यावाचूनही चालतं यकृत."

एवढंच. मी पुढची वाट पाहत बसलो.

"आधी माझं तपासलंनीत," सर म्हणाले. "वय झालंय, चरबी आहे, म्हणाले. जन्मभर यकृतावाचून दुसरं काही केलं नाही मी. आणि पोरीला लागलं तेव्हा माझं नको झालं. हिचं घेतलंनीत."

मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात आतल्या खोलीत वहिनींना खोकल्याची उबळ आली. खोकताना टाके ताणले जातात म्हणून पोटाशी उशी दाबून धरायची असते. सर लगबगीनं गेले आणि उशी धरून त्यांच्याजवळ बसले.

"थांबला हो खोकला," वहिनी म्हणाल्या. "सोडा आता."

सरांनी उशी सोडली नाही.