फोर्डच्या मागच्या दातांची निवड समिती

मोटार आवाज करते इंजिनाने, पण चालते मागच्या आसातल्या दातांवर. हे सत्य साताऱ्याचे निवृत्त सुभेदार मानसिंग यांना त्यांच्या जुन्या फोर्डने स्वतः शिकवले. उसाने भरलेली ट्रॉली आपली गाडी सहज ओढेल, अशी पैज त्यांनी भर चौकात लावली होती. ट्रॉली जागची हलली नाही. गाडीच्या पोटात मात्र सुपारी फोडल्यासारखा आवाज झाला, क्राऊन-पिनियनचे, म्हणजे मागच्या आसातल्या गिअरच्या जोडीचे, दात गेले आणि इंजिनाचा जोर तिथवर नेणारा शाफ्टही पिळवटला. (पैज बरोबरीत सुटली, असे सुभेदारांचे मत आहे.)

नवे दात कोणते बसवावेत, हा निर्णय एकट्याने घेणे आमच्याकडे बरे दिसत नाही. म्हणून गिअर निवड समिती नेमली गेली. अध्यक्ष स्वतः सुभेदार. सदस्य त्यांचा पुतण्या वीरधवल आणि शेजारचे नानासो. तज्ज्ञ म्हणून भरतेश, ज्यांचा कुपवाडला गिअर कापायचा कारखाना आहे. शाल, फेटा, नारळ देऊन त्यांचा सत्कार झाला, तेव्हा त्यांनी गाडी पाहिलीही नव्हती. आमच्याकडे सत्कार कामाच्या आधीच उरकतात, कारण नंतर करण्याजोगे काही उरेल याची खात्री नसते.

भरतेशनी विषय सोपा करून सांगितला. "पिनियन लहान घेतलं तर घाटात ओढ मिळंल, पर हायवेला इंजिन बोंबलंल. मोठं घेतलं तर हायवेला निवांत, घाटात दम लागंल. गाडी जाणार कुठं, त्ये आधी ठरवा."

"महाबळेश्वर!" सुभेदार म्हणाले.

"हायवे, काका. रील काढायचीय," वीरधवल म्हणाला.

"वरातीला द्या गड्यांनो," नानासो म्हणाले. "बँडच्या मागनं चालली म्हंजी झालं."

चहा घेऊन आलेल्या बनुबाई, म्हणजे सुभेदारांच्या पत्नी, दारातूनच म्हणाल्या, "आवं, मला सांगलीला भामाक्काकडं न्यायचं म्हनला हुता. ती हातरुनाला खिळलीया."

भामाक्का म्हणजे भामाबाई, बनुबाईंची थोरली बहीण. सांगलीच्या रस्त्याला दोन्हींपैकी कोणतेही गिअर चालेल, असे तज्ज्ञांनी सांगितले. त्यामुळे या सूचनेला तांत्रिक महत्त्व नाही असे ठरले आणि चहाबद्दल बाईंचे आभार मानण्यात आले.

पुढे दर रविवारी बैठका झाल्या. तेहतीस टक्के मते घाटाला पडली, तेहतीस टक्के हायवेला, तेहतीस टक्के वरातीला. उरलेला एक टक्का चहा करत होता. भरतेश जैन असल्याने त्यांना दिवस मावळायच्या आत जेवायला घरी पोचावे लागे, म्हणून निर्णय जवळ आला की ते उठत. (इतर सदस्यही निर्णय जवळ आला की त्यांना वेळेची आठवण करून देत.) दरम्यान वीरधवलने नव्या शाफ्टला क्रोम चढवून आणले. शाफ्ट गाडीखाली असतो, तो कुणाला दिसणार नाही, हे ध्यानात आल्यावर त्याने गाडीखालच्या फरशीवर आरसा बसवला. हौसिंग, म्हणजे गिअरभोवतीचे कवच, कोणते बसणार हेच ठरले नसल्याने शाफ्ट किती लांब हवा ते कुणाला माहीत नव्हते. चकाकी मात्र पुरेशी होती.

मग एका रविवारी चहा आलाच नाही. बनुबाई सकाळच्या एस्टीने अर्ध्या तिकिटात सांगलीला निघून गेल्या होत्या. सुभेदारांनी फोन लावला.

"अक्कानं वळखलं मला," त्या म्हणाल्या. "हात सोडंना झालीया. मी हितंच ऱ्हानार. तुमचं गिअर ठरलं तर कळवा. न्हाई ठरलं तरी चालंल."

सुभेदारांना मनापासून वाईट वाटले. डोळे पुसून ते म्हणाले, "वीरू, आत्ता सांगलीला निघू रं." एस्टी होतीच. पण दारात फोर्ड असताना सुभेदाराने एस्टीने सासुरवाडीच्या माणसांकडे जाणे शोभत नाही, असे समितीचे एकमत झाले. समितीचे हे पहिलेच एकमत. त्याबद्दल अध्यक्षांचा सत्कार झाला.

शेवटी गिअर कोणते निवडले, हे जाणून घ्यायची तुमची उत्सुकता अगदी रास्त आहे. भामाबाई आता कशा आहेत, हे मात्र तुमच्याही मनात आले नाही. समितीत एक जागा रिकामी आहे. तुम्ही रविवारी याच.