नानांची पावसाची वही

सकाळी साडेआठला नानांच्या दारात यमदूत जरी येऊन उभा राहिला असता, तरी त्याला ऐकावं लागलं असतं, "थांब, आदी पाऊस मोजू दे." भर वैशाख असला तरी हेच. अंगणातलं मापक उघडायचं, कोरडी ठाक बाटली उन्हाला धरायची, वहीत शून्य लिहायचं आणि मगच आलेल्याला "बस" म्हणायचं.

मुळशी धरणावर पाऊस मोजण्यात नानांची हयात गेली. नोकरी संपली, मोजणी संपली नाही. "लिवलंय मी" हा त्यांचा मंत्र. औंदा पाऊस बरा झाला असं न्हावी सहज म्हणाला, तर अर्ध्या दाढीनिशी उठून नाना वही आणत आणि त्याच्या नाकापुढं नाचवत. आमटी खारट झाल्यावरून नानींशी वाजलं तरी हेच, लिवलंय मी. नानी म्हणायच्या, लिवा, त्यानंच पोट भरा.

मी वाडीवरचा शाळामास्तर. मला नानांचा राग यायचा, कारण हा माणूस खरं बोलायचा आणि ते कुणाला कळणार नाही याची पुरती काळजी घ्यायचा. त्यांचं म्हणणं साधं होतं. पाऊस कमी झालेला नाही, त्याची चाल बिघडली आहे. पूर्वी दिवसच्या दिवस रिपरिपायचा, आता एकदम कोसळतो आणि पसार होतो. डोंगरावर झाडी आहे तोवर थोडा तरी मुरतो. झाडी गेली की खालचा झरा गेला, आणि वाडीला दुसरं पाणी नाही. आता हे असं सांगायला काय जातं? पण नाना मिलिमीटर सांगायचे.

नानी वारल्या त्याच्या पुढच्याच वर्षी कोळशाचा ठेकेदार वाडीत आला. त्याला झऱ्यावरची झाडी हवी होती. बदल्यात देवळावर नवे पत्रे घालून देणार होता. देवळातच सभा बसली. नाना वह्यांचा गठ्ठा घेऊन उभे राहिले आणि पहिल्या वहीच्या पहिल्या पानापासून आकडे वाचू लागले. तिसऱ्या पानाला लोक घोरायला लागले. तेवढ्यात कुणीतरी विचारलं, नाना, एका मिलिमीटरात किती हंडं बसत्यात? देऊळ हसलं. नाना भडकले.

"ढेकळं हायसा तुमी! पाऊस हंड्यानं मोजत न्हाईत!"

वह्या काखेत मारून ते तरातरा निघून गेले. त्यांच्या पाठीमागं भराभर हात वर झाले. मी हात वर केला नाही, पण तोंडही उघडलं नाही. त्याची चीड मला अजून येते.

त्या हिवाळ्यात अर्धा डोंगर भट्टीत गेला. देवळाला पत्रे आले. त्यांच्यावर पाऊस पडला की देवालासुद्धा आपलं गाऱ्हाणं ऐकू येत नसेल. आणि चैत्रात, जिथं चार महिने कपडे वाळत नाहीत त्या मुळशीत, आमच्या बायका झऱ्यातलं पाणी वाटीनं उपसून हंड्यात भरत बसल्या. लाज वाटायला हवी होती सगळ्यांना. पण ठेकेदार उरलेल्या झाडीसाठी पुन्हा आला, या खेपेला देवळापुढं मंडप घालून देतो म्हणाला, आणि मंडळी पुन्हा खूश.

मी तणतणत नानांकडं गेलो. ते घरी नव्हते. नानी गेल्यापासून पाण्याला स्वतःच जायचे, बायकांच्या रांगेत खाली मान घालून बसायचे. ओट्यावर वही उघडी पडली होती. मी चाळली. मिलिमीटरच्या शेजारी समासात बारीक अक्षरात पाणी घरी कधी आलं ते लिहिलं होतं.

"हौसा पाणी घेऊन आली. ऊन उंबऱ्यात." काही वर्षांनी, "हौसा आली. ऊन तुळशीवर." शेवटच्या वहीत, "हौसा आली. ऊन डोक्यावर. हंडा निम्मा. पाय सुजलेत."

नानींचं नाव हौसा होतं हे मला त्या दिवशी कळलं.

नाना हंडा घेऊन आले. मी त्यांच्यावर अक्षरशः ओरडलो. हे का नाही वाचलंत सभेत? हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं!

नानांनी हंडा उतरवला. "चारचौघांत बायकूचं नाव कसं घ्यायचं, मास्तर? उभ्या जन्मात येकदा घेतलंय, त्ये बी लग्नात, उखाण्यात."

"मग आता दुसऱ्यांदा घ्या," मी म्हणालो.

मंडपासाठी बसलेल्या सभेत नानांनी फक्त समास वाचला. पहिल्यांदा "हौसा" म्हणाले तेव्हा पुरुष गालात हसले. ऊन तुळशीवर आलं तेव्हा हसू थांबलं. "पाय सुजलेत" वाचताना नाना थांबले. मागं खांबाला टेकून बसलेल्या बायका सभेत कधी बोलत नसत. त्यांतली एक म्हणाली, "वाचा की नाना. आमी ऐकतुया." आणि वाचून संपल्यावर तीच म्हणाली, मंडप नगं आमाला. मग बाकीच्याही बोलल्या, आणि पुरुषांचे हात खालीच राहिले. ठेकेदार आपली पिशवी उचलून गेला.

नानांना पोचवायला मी घरापर्यंत गेलो. ओट्यावर बसून ते त्या बोडक्या अर्ध्या डोंगराकडं बघू लागले.

"मास्तर, तिचं नाव आदीच घेतलं असतं, तर आख्खा डोंगर ऱ्हायला असता, न्हाई का?"

त्या दिवशी मी हेच त्यांना ओरडून सांगितलं होतं. आता त्यांनीच विचारलं, तर मी हंड्याकडं बोट केलं.

"नाना, पाणी द्या जरा," मी म्हणालो.

त्यांनी हंडा तिरका केला आणि अर्धा तांब्या भरून मला दिला.